डिस्चार्ज कार्डावर एक पत्ता लिहा

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांचे मा. जिल्हाधिकारी, जिल्हा शल्यचिकित्सक आणि दोन्ही महापालिकांचे आयुक्त यांस,



माझा धाकटा भाऊ दारूपायी दवाखान्यात भरती होता. नऊ दिवसांनी सुट्टी झाली. डॉक्टरांनी त्याचा जीव वाचवला, हे आधी सांगते. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की हातपाय थरथरतात, फिट येऊ शकते, भलतंसलतं दिसायला लागतं. ते घरी निभावायचं काम नव्हे. माझं गाऱ्हाणं त्या नऊ दिवसांचं नाही, त्यानंतरचं आहे. कार्डावर शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, ‘दारू पूर्ण बंद. १५ दिवसांनी दाखवा.’ हे १५ दिवस त्यानं कुणाजवळ बसून काढायचे, ते कुठंच लिहिलं नव्हतं.

चौथ्या दिवशी दिवेलागणीला तो ओट्यावर बसून म्हणाला, “ताई, पेल्याबिगर राह्यवत नाई वं.”

दारूच्या दुकानाचा पत्ता आपल्याकडे कुणाला विचारावा लागत नाही. दारू सोडू पाहणारी माणसं जिथं एकत्र बसतात, त्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मिटिंगचा पत्ता मला अकरा दिवस सापडला नाही. दवाखान्याच्या खिडकीवर विचारलं, तर तशी नोंद आमच्याकडे नसते म्हणाले. कुणी सांगितलेल्या जागी दोघं गेलो, तर कुलूप. मिटिंग तिथून हलून वर्ष झालं होतं. शेवटी पत्ता दिला एका ऑटोवाल्यानं. भावाचे हात त्यानं आरशात पाहिले, काही न विचारता ऑटो वळवला. तो स्वतः तिथं जाणारा होता.

एका शाळेचा वर्ग. भिंतीवर पाढे, चौथीच्या पोरांचे बाक, त्यात गुडघे दुमडून बसलेली मोठी माणसं. दाराला सुतळीनं एक पुठ्ठा अडकवलेला. मिटिंग दीड तासाची, ती संपली की पुठ्ठा परत पिशवीत. दिवसा शोधणाऱ्याला तिथं काही दिसेल कसं? त्या दिवशी घरच्यांनाही बसता येतं अशी मिटिंग होती, म्हणून मी आत राहू शकले. बोलणारा आधी आपलं नाव सांगतो, मग ‘मी मद्यपी आहे’ म्हणतो. उपदेश कुणी करत नाही. पांढऱ्या मिशीचे एक काका भावाला एवढंच म्हणाले, “मी बी असाच थरथरत आलो होतो बावा. आज नाई पेलो. उद्याचं उद्या पाहू.” आईचं, डॉक्टरांचं, माझं कधी न ऐकलेला माणूस त्यांच्याकडे मान वर करून पाहत होता.

१९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावात एक शेअर बाजारातला माणूस आणि एक सर्जन, दोघंही दारूनं खचलेले, एकमेकांशी बोलत बसले. त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस सुरू झालं. कॉक्रेन या संस्थेनं २०२० मध्ये २७ अभ्यास तपासले, दहा हजारांवर माणसांचे. त्यांच्या बारा पायऱ्यांच्या मार्गाशी रीतसर जोडून दिलेली माणसं दारूपासून पूर्ण दूर राहण्यात इतर उपचार घेणाऱ्यांच्या मागे नव्हती, पुष्कळदा पुढेच होती. ‘जोडून दिलेली’ हे शब्द कृपया पुन्हा वाचा. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राला हे १९८६ पासून ठाऊक आहे. तिथं उपचार संपल्यावर पाठपुरावा असतो, पत्नींसाठी ‘सहचरी’ गट असतो.

केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेल्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत, दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसला तरी उपचार मिळाल्याचं दिसलं. तो एक जण तुमच्या वॉर्डापर्यंत पोचतो. त्याला दारातून नुसतं ‘दारू बंद’ सांगून परत पाठवू नका. १४४४६ हा मदत क्रमांक आहे, तोही कार्डावर छापा. पण फोन ठेवल्यावर माणसाला बसायला जागा लागते.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची मंडळी सरकारी अनुदान घेत नाहीत, बाहेरची देणगीही नाकारतात. खर्चाचे पैसे सभासदच टाकतात. तेव्हा निधीचा प्रश्नच नाही. मिटिंगची जागा, वार, वेळ कार्डावर छापा आणि दर तीन महिन्यांनी तुमचा माणूस जाऊन पत्ता तोच आहे ना, एवढं पाहून येऊ दे. महापालिकेच्या शाळेतला एक वर्ग संध्याकाळी वाजवी भाड्यानं द्या, आणि वर्षभर तोच द्या. जागा बदलली की एखादा माणूस कुलपाशी येऊन परत फिरतो. तो पुन्हा येईलच असं नाही. दर्यापूर, अचलपूर, अकोटलाही असा वर्ग हवा. रात्रीची शेवटची एसटी हुकेल म्हणून तिकडचा माणूस शहरात येतच नाही. आणि हात जोडून सांगते, तिथं हजेरीचं रजिस्टर, आधार कार्ड, फोटो, सत्कार यातलं काही नेऊ नका. नाव बाहेर जाणार नाही या भरवशावरच माणूस दार ढकलतो.

गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला आपण सगळेच त्यांना हार घालतो. त्यांचे वडील झिंगराजी दारूपायी गेले, म्हणून अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा डेबू, म्हणजे आपले गाडगेबाबा, मूर्तिजापूर तालुक्यात मामाकडे वाढला. झिंगराजींना संध्याकाळी बसायला कुणाचं ओसरी-अंगण मिळालं असतं तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही. ठरल्या वेळी गोल करून बसणं वऱ्हाडाला नवं नाही. तुकडोजी महाराजांनी गावोगाव सामुदायिक प्रार्थनेची सवय लावली आहे.

मागच्या महिन्यात मी भावाला दाखवायला गेले होते. वॉर्डाबाहेरच्या बाकावर एक बाई हातात तसंच कार्ड घेऊन बसली होती. मी त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेनानं पत्ता लिहिला: सायंकाळी सात, शाळेचं मागचं फाटक. तिला वाचता येत नव्हतं. तिनं माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं आणि कार्ड घडी करून पदराच्या गाठीत बांधलं.

आपली,
एका भावाची बहीण, अकोला
(नाव त्याच्यासाठी राखून ठेवलं आहे.)