वहीतला घसारा आणि रस्त्यावरचा घसारा

नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातील इस्लापूर हे मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावरील एक छोटे स्थानक. बाहेरच्यांना ते सहस्रकुंड धबधब्याच्या निमित्ताने ठाऊक असते. आसपासच्या वाड्या-तांड्यांना मात्र ते बाजाराचे गाव आहे. अशा मुलखात मोटारसायकल ही चैनीची वस्तू राहत नाही. दुकानदार तिच्यावरून वसुलीस जातो, शिक्षक शाळा गाठतो, शेतकरी फवारणीचे औषध आणतो आणि अपरात्री आजाऱ्यास दवाखान्यात पोहोचविण्याची वेळ आली तर तीच दारातून बाहेर निघते. घराचा एवढा भार वाहणाऱ्या यंत्राविषयी घरातील माणसांना काय माहीत असते? बहुधा किक, गिअर आणि पेट्रोलचा भाव.

पूर्वी असे नव्हते. राजदूत किंवा येझदी बाळगणारा माणूस टू-स्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घेत असे. प्लग काळा पडून गाडी अडते हे ठाऊक असल्याने जादा प्लग आणि प्लगपाना सोबत ठेवी. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० ही फोर-स्ट्रोक गाडी आली. ‘भरा, बंद करा, विसरा’ अशा आशयाची तिची जाहिरात गाजली. गाडी खरोखरच कमी पेट्रोल पिणारी आणि कमी कटकटीची होती. मात्र जाहिरातीतील ‘विसरा’ हा शब्द पेट्रोलच्या टाकीपुरता होता. लोकांनी तो चेन, ब्रेक आणि ऑइललाही लागू केला.

हिशेबाच्या भाषेत यास घसारा म्हणतात. व्यवसायासाठी वापरलेल्या गाडीवर आयकर नियमांप्रमाणे सर्वसाधारणपणे घटत्या शिल्लक पद्धतीने १५ टक्के घसारा धरतात. ८०,००० रुपयांची गाडी पूर्ण पाच वर्षांचा घसारा वजा जाता वहीत सुमारे ३५,५०० रुपयांची उरते. वही सर्व गाड्यांना एकच दर लावते. रस्ता तसे करीत नाही. एकाच दिवशी घेतलेल्या दोन गाड्यांपैकी एक पाच वर्षांनी निमूट चालते आणि दुसरी भंगाराच्या वाटेला लागते. वहीतला घसारा कायदा ठरवतो, रस्त्यावरचा घसारा बऱ्याच अंशी मालकाचा हात ठरवतो.

हा हात घरच्या अंगणात शिकता येतो. पहिला गुरू म्हणजे गाडीसोबत मिळालेली माहितीपुस्तिका. पुष्कळ घरांत ती आरसीच्या कागदांसोबत पिशवीत न उघडता पडून असते. टायरमधील हवेचे आकडे तीत दिलेले असतात. एकट्यासाठी वेगळे, मागे माणूस बसणार असेल तर वेगळे. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. चालून तापलेल्या टायरचा आकडा फसवा असतो.

दुसरा धडा चेनचा. इंजिन बंद करून, किल्ली काढून, गाडी डबल स्टँडवर घ्यावी. इंजिन चालू ठेवून चेनजवळ बोटे नेणे म्हणजे बोटे गमावण्याची तयारी. चेनच्या खालच्या पदराच्या मध्यावर बोटाने वर-खाली ढील पाहावी. लहान गाड्यांत ती साधारण २ ते ३ सेंटीमीटर असते. नेमका आकडा पुस्तिकेतला मानावा. पूर्ण झाकलेल्या चेनला तपासणीसाठी झाकणावर रबरी बूच असते. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून चाक फिरवून तीन-चार ठिकाणी मोजावे. ताण देताना दोन्ही बाजूंच्या खुणा समान ठेवाव्यात, अन्यथा चाक तिरके बसते. मागे रॉडने चालणारा ड्रम ब्रेक असल्यास चाक मागे सरकताच ब्रेकही आवळतो. म्हणून चेन ताणल्यावर ब्रेकच्या पायदांडीची ढील पाहिल्याशिवाय काम संपत नाही. वेळच्या वेळी चेनला तेल न मिळाल्यास चेनसोबत दोन्ही दातेरी चाकेही झिजतात आणि पूर्ण चेनसेट बदलावा लागतो.

प्लग इंजिन थंड असतानाच काढावा. टोक फिकट तपकिरी असेल तर जळण ठीक चालले आहे. कोरडी काजळी असेल तर हवा कमी पडते आहे; बहुधा एअर फिल्टर चोंदलेला असतो. टोक तेलकट काळे असेल तर इंजिनातील ऑइल वर येते आहे. प्लग परत बसविताना आरंभीचे आटे हातानेच फिरवावेत, कारण आटे चुकले तर छोटे काम मोठे होते. एअर फिल्टर कागदी असेल तर तो धुऊ नये, बदलावा.

ऑइलची पातळी गाडी सपाट जागी सरळ उभी करून, पुस्तिकेत सांगितलेल्या रीतीने पाहावी. बदललेले जुने ऑइल नालीत किंवा बांधावर ओतणे हा साधा आळस नव्हे. त्याने माती आणि पाणी नासते आणि मातीत राहणारे असंख्य जीव मरतात. ते डब्यात भरून जुने ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावे. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल मडगार्ड आणि चाक यांच्या मध्ये थापला जातो. तो वाळण्यापूर्वीच काढलेला बरा.

कोठे थांबावे हेही या शिक्षणातच येते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानक लागू झाले आणि बहुतेक गाड्यांत कार्बोरेटरची जागा इंधन इंजेक्शनने घेतली. तेथे पेचकस घेऊन जुनी विद्या चालत नाही. २०१९ पासून नव्या दुचाकींना, क्षमतेनुसार, एबीएस किंवा दोन्ही चाकांचा एकत्रित ब्रेक बंधनकारक आहे. अशा ब्रेकमध्ये आणि इंजिनाच्या आत नवशिक्याने हात घालू नये. वॉरंटीच्या काळात ठरलेल्या सर्व्हिस अधिकृत ठिकाणीच करून त्यांची नोंद घ्यावी. घरी शिकल्याने मिस्त्रीची रोजी बुडत नाही. उलट कोणत्या वेगात, कोठून आवाज येतो हे सांगू शकणारे गिऱ्हाईक त्यालाही हवेच असते. आणि बदललेला जुना भाग पाहण्यास मागणे हा अविश्वास नाही, तो अभ्यास आहे.

व्यापारी घरांत हात काळे करण्यास अजूनही कमीपणा मानतात आणि मुलींना तर पाना हातीच दिला जात नाही. परंतु कॉलेजला किंवा नोकरीला दुचाकीवर जाणाऱ्या मुलीला ब्रेक सैल झाल्याचे आधी कळणे हे तिच्या जिवाच्या सुरक्षिततेचे आहे. महिन्यातील एका रविवारी अर्धा तास, एक जुने फडके, गाडीसोबत आलेले पाने आणि एक छोटी वही एवढे पुरे. वहीत तारीख, किलोमीटर, केलेले काम आणि खर्च मांडावा. कर्जाचा हप्ता कितीचा हे घरात सर्वांना पाठ असते. त्या हप्त्यातून घेतलेल्या गाडीचे ऑइल शेवटचे केव्हा बदलले, हेही घरातल्या प्रत्येकाला सांगता आले पाहिजे.