मुळशीचे पाणी आणि वरिष्ठ सभागृह

पावसाळ्यातल्या एका रविवारी आम्ही मुळशीच्या तलावाकाठी गेलो होतो. पुण्याच्या सुशिक्षित कुटुंबांना हा प्रवास अपरिचित नाही. पौड मागे पडले की डोंगर जवळ येतात, ताम्हिणीकडून धुके उतरते, आणि भाजलेली कणसे खात मंडळी पाण्याकडे पाहत बसतात. आमच्यासमवेत एक विद्वान स्नेही होते. राजकारणाचा विषय निघताच ते त्वेषाने म्हणाले, "ती राज्यसभा एकदा बुडवून टाकली पाहिजे! लोकांनी ज्यांना निवडले नाही त्यांनी लोकांनी निवडलेल्यांचे काम अडवावे, हा कोठला न्याय?" मंडळींनी माना डोलावल्या. ज्या पाण्याकडे पाहत हे उद्गार निघाले त्याच पाण्याखाली मावळातली गावे आहेत, याची आठवण मात्र कोणास झाली नाही. ती करून देण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आक्षेपकांचे म्हणणे थोडक्यात असे की, वरिष्ठ सभागृह अप्रत्यक्ष निवडणुकीचे आहे, खर्चाचे आहे, आणि मुख्यतः ते कामास विलंब लावते. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी आम्हांस मान्य आहेत. तिसरीही मान्य आहे. परंतु जिला ते दोष म्हणतात तिलाच आम्ही त्या सभागृहाचा धर्म समजतो. विलंबाने काय हानी होते हे सांगणारे पुष्कळ भेटतात. विलंब लावणारे कोणीच नसले म्हणजे काय होते, हे मुळशीखेरीज दुसऱ्या कोणास विचारावे?

१९२१ सालचीच गोष्ट घ्या. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत दिल्लीस मोठ्या समारंभाने नव्या कायदेमंडळाचे उद्घाटन झाले, आणि 'कौन्सिल ऑफ स्टेट' या नावाचे पहिले वरिष्ठ सभागृह हिंदुस्थानास लाभले. सभासद साठ, आणि त्यांना निवडणारे मतदार साऱ्या देशात मिळून सुमारे सतरा हजार! त्यानंतर दोनच महिन्यांनी, १६ एप्रिल रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर मुळशीच्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह आरंभिला. मुळेचे पाणी अडवून ते घाटाखाली भिरा येथे सोडावयाचे, त्यावर वीज निर्माण करावयाची आणि ती मुंबईस पुरवावयाची, अशी ती योजना. पन्नासाच्या आसपास गावांवर त्यामुळे संकट ओढवले. दिल्लीतले सभागृह आणि मावळातला सत्याग्रह एकाच वर्षाची अपत्ये. परंतु एकाचा आवाज दुसऱ्याच्या कानी पडेल अशी कोणतीही वाट नव्हती. त्या सतरा हजारांच्या यादीत मावळातल्या भातखाचरात राबणाऱ्याचे नाव कोठून येणार?

ज्या कायद्याने त्याची जमीन घेतली तो १८९४ चा भूमिसंपादनाचा कायदा. तो परकी सरकारच्या कौन्सिलात संमत झालेला. मोबदला किती, याविषयी वाद घालण्याची मुभा त्यात शेतकऱ्यास होती. आणि जमीन सक्तीने घेतली म्हणून बाजारभावावर शेकडा पंधरा अधिक मिळत. परंतु "मला जमीन द्यावयाचीच नाही" असे सांगण्याचा, आणि ते ऐकून घेतले जाण्याचा स्पष्ट हक्क त्यात नव्हता. तशी हरकत ऐकण्याचे कलम त्या कायद्यात १९२३ साली घातले गेले, म्हणजे सत्याग्रह सुरू होऊन दोन वर्षे लोटल्यावर. कायद्यात तोंड उघडण्यास जागा नाही म्हटल्यावर "जान किंवा जमीन" ही घोषणा उठली, यात नवल ते काय? पांडुरंग महादेव बापट याच लढ्यात 'सेनापती' झाले, विनायकराव भुस्कुटे यांच्यासारखे सहकारी त्यांस मिळाले, कित्येक माणसे तुरुंगात गेली. १९२४ अखेर लढा मावळला आणि धरण पुरे झाले.

येथे एक कटु गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. मावळातल्या बऱ्याच जमिनी कर्जापायी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. त्यांतील अनेकांनी मोबदल्याचे पैसे पसंत केले आणि लढ्यातून अंग काढून घेतले. मालकास पैसा मिळाला. कसणाऱ्यास काय मिळाले? हे सावकार कोणी परके नव्हते. ते आमच्याच पेठांत राहणारे आणि आमच्यासारखीच वर्तमानपत्रे वाचणारे होते. तेव्हा तलावाकाठी बसून मान डोलावणाऱ्यांनी आपल्या घराण्याची जुनी दप्तरे एकदा चाळावीत, एवढीच आमची नम्र सूचना.

आता एक दुसरा दिवस पाहा. ४ सप्टेंबर २०१३ रोजी राज्यसभेपुढे नव्या भूमिसंपादन कायद्याचे विधेयक होते. ते २०११ साली लोकसभेत मांडले गेले, समितीकडे जाऊन आले, आणि २९ ऑगस्टला लोकसभेने ते संमत केले. राज्यसभेने त्यावर चर्चा केली, मते मोजली, १३१ विरुद्ध १० अशा मतांनी ते संमत केले. परंतु जसेच्या तसे नव्हे. त्यात दुरुस्त्या केल्या, आणि त्या मान्य करण्यासाठी लोकसभेस दुसऱ्या दिवशी ते पुन्हा हाती घ्यावे लागले. १ जानेवारी २०१४ पासून कायदा अमलात आला. खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यावयाची तर बाधित कुटुंबांपैकी शेकडा ऐंशींची संमती हवी. सामाजिक परिणामांची आधी तपासणी हवी. आणि बाधित कोण, तर केवळ मालक नव्हे, तीन वर्षे त्या जमिनीवर पोट भरणारे कूळ आणि मजूर हेसुद्धा! १९२१ साली हे शब्द कायद्यात असते, तर मुळशीच्या इतिहासाचे पान निराळे लिहिले गेले असते.

या कायद्यास धक्का लागण्याची वेळ लवकरच आली. ३१ डिसेंबर २०१४ च्या वटहुकुमाने पाच प्रकारच्या प्रकल्पांस संमतीची आणि तपासणीची अट माफ करण्याचा मार्ग उघडला. १० मार्च २०१५ रोजी लोकसभेने तसे विधेयकही संमत केले. राज्यसभेत मात्र सरकारपाशी बहुमत नव्हते. वटहुकूम पुनः पुनः काढावा लागला, विधेयक संयुक्त समितीकडे गेले, आणि ३१ ऑगस्ट २०१५ रोजी शेवटचा वटहुकूम आपोआप गतप्राण झाला. राज्यसभेने विधेयक फेटाळलेही नाही. ती आहे, एवढ्यानेच शेतकऱ्याची संमती वाचली. आमचे स्नेही जिला अडवणूक म्हणतात ती हीच.

याचा अर्थ आम्ही त्या सभागृहाचे भाट आहोत असा कोणी घेऊ नये. १९५२ पासून ते अस्तित्वात असूनही १८९४ चा कायदा रद्द होण्यास २०१३ उजाडावे लागले. २००३ पासून सभासद ज्या राज्यातून निवडून येतो तेथला रहिवासी असण्याचीही अट उरली नाही. महाराष्ट्राच्या एकोणीस जागांवर बसणाऱ्याने मुळशी नकाशावरदेखील पाहिली नसेल तरी चालते. २० सप्टेंबर २०२० रोजी शेतीविषयक विधेयकांवर मतविभागणीची मागणी झाली असता, सभासद आपल्या जागी नाहीत या सबबीवर ती आवाजी मतदानाने संमत झाली. पुढे वर्षभर शेतकरी रस्त्यावर बसले, आणि २९ नोव्हेंबर २०२१ रोजी ते कायदे मागे घेण्याचे विधेयक दोन्ही सभागृहांनी एकाच दिवसात चर्चेविना उरकले. करतानाही घाई, मोडतानाही घाई! ज्या दिवशी वरिष्ठ सभागृह मते मोजण्याचे टाळते, त्या दिवशी आमच्या स्नेह्यांच्या आक्षेपास उत्तर देणे आम्हांसही अवघड होते.

शिवाय पुढचे दार बंद झाले म्हणून मागचे दार उघडता येते. २०१५ साली दिल्लीत जे साधले नाही ते राज्याराज्यांतून साधले गेले. आमच्या महाराष्ट्रानेही २०१८ साली दुरुस्ती करून काही प्रकल्पांस त्या अटींतून सूट देण्याची सोय केली. येथे तर आमच्या घरची विधान परिषद होती, आणि घरचीच मुळशी होती. वृत्तपत्रांतून, व्याख्यानमालांतून, सुशिक्षितांच्या दिवाणखान्यांतून त्याविरुद्ध किती आवाज उठला? वाचकांनी आपापल्या मनास विचारावे.

वरिष्ठ सभागृह बुडवावे की नाही, हा आमच्या मते खरा प्रश्नच नव्हे. ते अधिक सावध, अधिक निर्भय आणि ज्या राज्यातून आले त्या राज्याचे कसे होईल, हा प्रश्न आहे. त्यात विधेयकावर एक दिवस अधिक चर्चा झाली तर देशाचे काही बुडत नाही. घाईने काय बुडते, ते मुळशीस जाऊन पाहावे. मात्र पाण्याच्या पृष्ठभागावरच नजर खिळवून भागावयाचे नाही.