ट्रम्पवर बोलतो, कफीलवर का नाही?

२७ जानेवारी २०१७ ला ट्रम्प यांनी सात मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांना अमेरिकेची दारं बंद केली, तेव्हा आपले सगळे व्हॉट्सअॅप ग्रुप पेटले होते. तो संताप रास्तच होता. पण १२ जून २०२४ ला कुवेतच्या मंगाफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागून ४५ भारतीय गेले, तेव्हा त्याच ग्रुपवर मगफिरतची दुवा झाली आणि विषय संपला. एका इमारतीत इतकी माणसं कुणी कोंबली, हे कुणी विचारलं नाही.

परदेशी कामगाराचा हक्क फक्त गोऱ्यांकडे मागायचा आणि अरबांकडे मागायचा नाही, याला मी न्यायाची मागणी म्हणत नाही. ही आपल्या माणसांची पाठराखण झाली.

कफाला म्हणजे कामगाराचं त्या देशातलं राहणंच मालकाच्या, कफीलच्या, नावाशी बांधलेलं. त्याला सोडून गेलात की तुम्ही फरार. पासपोर्ट काढून घेणं कायद्याने मना आहे, तरी घेतला जातो. बदल झालेत, नाही असं नाही. मालकाला न विचारता नोकरी बदलायची मुभा कतारने २०२० मध्ये दिली. सौदीने २०२१ मध्ये काही अटींवर दिली, पण घरकामगार, घरचे ड्रायव्हर, माळी, मेंढपाळ वगळून. म्हणजे ज्यांना सर्वात जास्त गरज, तेच बाहेर.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. एच-१बी वाल्याची नोकरी गेली तर दुसरी शोधायला ६० दिवस मिळतात, आणि त्यावर आमच्या क्षेत्रात केवढी ओरड होते! ती योग्यच आहे. पण त्याचा पासपोर्ट त्याच्या खिशात असतो. रियाधमधल्या घरच्या ड्रायव्हरसाठी कोण ओरडतं?

‘आखाताने कोकणाला जगवलं,’ असं वडीलधारे सांगतात. रत्नागिरी-रायगडची घरं, मशिदी, शाळा त्या पैशावर उभ्या राहिल्या, हे खरंच. पण तो पैसा कफीलची खैरात नव्हती, आपल्या माणसांच्या घामाची कमाई होती. घाम सुकण्याआधी मजुरी द्या, ही ताकीद तर आपल्या पैगंबरांचीच (स.).

‘अशाने इस्लामद्वेष्ट्यांच्या हाती कोलीत मिळेल,’ असंही ऐकवतात. कोलीत आपल्या गप्प बसण्याने मिळतं. आपलं सनच हिजरतीपासून सुरू होतं. मक्केतून निघालेल्या पहिल्या मुसलमानांना हबशाच्या ख्रिस्ती राजाने, नज्जाशीने, आसरा दिला. आणि २०२३ मध्ये पाकिस्तानने कागदपत्रं नसलेल्या सुमारे १७ लाख अफगाणांना महिनाभरात निघून जायला सांगितलं. आपल्या किती खुतब्यांत त्याचा उल्लेख झाला?

तरुणांनो, नुसत्या पोस्ट पुरे झाल्या. प्रत्येक जमातीत आठवड्यातून दोन तास एक लॅपटॉप घेऊन बसा. जाणाऱ्याच्या एजंटाचा परवाना ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. एजंटाला ३० हजार रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही, हे सांगा. करार मराठीत, उर्दूत वाचून दाखवा. अडकलेल्याची तक्रार ‘मदद’ पोर्टलवर नोंदवा. आणि तक्रार सौदीच्या मालकाविरुद्ध असली, तरी आवाज तेवढाच मोठा ठेवा.