साखळी तुटल्यानंतरचा प्रश्न
स्टॅन्ली क्रेमर यांच्या ‘द डिफायंट वन्स’ (१९५८) या अमेरिकी चित्रपटावर जे आक्षेप घेतले गेले, त्यांपैकी सर्वांत वजनदार आक्षेप जेम्स बाल्डविन या कृष्णवर्णीय लेखकाचा असल्यामुळे पूर्वपक्ष म्हणून तोच घेणे योग्य ठरते. चित्रपटाचे कथानक थोडक्यात असे: अमेरिकेच्या दक्षिणेत पावसाळी रात्री कैद्यांच्या गाडीला अपघात होतो आणि मनगटाला मनगट साखळीने जखडलेले दोन कैदी, गोरा जॉन ‘जोकर’ जॅक्सन (टोनी कर्टिस) व कृष्णवर्णीय नोआ कलन (सिडनी पॉटिए), एकमेकांचा तिरस्कार करीत एकत्र पळतात. अखेरीस कलन धावत्या मालगाडीत चढतो, मागून धडपडत येणाऱ्या जखमी जॅक्सनला हात देतो, पण त्याला वर घेता येत नाही आणि दोघेही रुळांलगत कोसळतात. ‘द डेव्हिल फाइंड्स वर्क’ (१९७६) या पुस्तकात बाल्डविन यांनी नोंदवले आहे की उदारमतवादी गोऱ्या प्रेक्षकांनी या प्रसंगाला टाळ्या दिल्या, तर हार्लेममधले कृष्णवर्णीय प्रेक्षक संतापून कलनला गाडीत परत चढायला ओरडून सांगत होते. त्यांच्या मते हा शेवट गोऱ्या समाजाला केवळ दिलासा देतो, कारण शतकानुशतके ज्याला छळले तो माणूस आपला द्वेष करीत नाही, उलट आपल्यासाठी स्वातंत्र्यही सोडतो, असे त्यातून सुचवले जाते. याच्या जोडीला त्यांचा दुसरा, अधिक खोल आक्षेप असा, की कृष्णवर्णीयाच्या द्वेषाचे मूळ संतापात आणि गोऱ्याच्या द्वेषाचे मूळ भयात असताना चित्रपट या दोन द्वेषांना एकाच तराजूत तोलतो.

हार्लेमच्या प्रेक्षकांची प्रतिक्रिया खरी होती आणि तिला सबळ कारणही होते, याविषयी वाद घालण्याचे प्रयोजन नाही. वाद आहे तो शेवटचा प्रसंग आधीच्या प्रसंगांपासून तोडून वाचण्याशी. लोखंडी साखळी तुटते ती शेवटी नव्हे, तर त्याच्या बरीच आधी, एका एकाकी गोऱ्या स्त्रीच्या शेतघरात, आणि तेथून पुढे या दोघांना एकत्र ठेवणारे कोणतेही बाह्य बंधन उरत नाही. ती स्त्री जॅक्सनला आपल्यासोबत मोटारीतून निघून जाण्याची वाट मोकळी करून देते आणि कलनला रेल्वेमार्गाकडे जाण्याचा म्हणून जो रस्ता सांगते, तो कलनने पकडला गेल्यास काही सांगू नये यासाठी दलदलीतून जाणारा मृत्यूचा रस्ता असतो. हे कळल्यावर जॅक्सन मोटार, पैसा आणि सुटका यांवर पाणी सोडून कलनला सावध करण्यासाठी निघतो आणि निघताना त्या स्त्रीच्या लहान मुलाने झाडलेली गोळी खांद्यावर घेतो. म्हणजे स्वातंत्र्य प्रथम सोडतो तो गोरा माणूस, आणि मालगाडीतून पुढे आलेला कलनचा हात हे त्या कृतीला दिलेले, बरोबरीच्या नात्याचे उत्तर आहे. ज्यांना त्या हातात सेवकाची निष्ठा दिसते, त्यांनी पटकथेने जॅक्सनचे परतणे त्याच्या आधी का योजले, याचे उत्तर दिले पाहिजे. तो क्रम उलटा असता तर बाल्डविन यांचा आक्षेप निरुत्तर करणारा ठरला असता.

कलनचा स्वभाव पाहिला तरी तो सेवकाच्या साच्यात बसत नाही. नदीच्या ओढीतून वाचवल्याबद्दल जॅक्सन आभार मानतो, तेव्हा आपण त्याला बाहेर ओढले नसून त्याच्याकडून आत ओढले जाण्यास नकार दिला, अशा आशयाचे उत्तर कलन देतो, आणि बायको सदैव नमते घेण्याचा जो सल्ला देत असे, त्याविषयी तो कडवटपणे बोलतो. बंदूक घेऊन कर्जवसुलीला आलेल्या गोऱ्या माणसाशी झालेल्या झटापटीमुळे तो तुरुंगात आलेला आहे. जॅक्सनची कहाणी निराळी आहे: श्रीमंतांच्या मोटारी लावून देताना प्रत्येक बक्षिशीला ‘थँक यू’ म्हणावे लागल्याची सल त्याला छळते आणि ऐटबाज धनिक होण्याच्या स्वप्नापायी तो गुन्ह्याकडे वळतो. एका वस्तीतले लोक दोघांना फासावर चढवण्यास सरसावतात, तेव्हा आपण गोरे असल्याने आपल्याला अशी शिक्षा देता येणार नाही, असे जॅक्सन ओरडून सांगतो. ज्याच्याजवळ गमावण्यासारखे काहीही उरलेले नाही अशा माणसाची कातडीचा रंग ही अखेरची पुंजी असते, हे त्या एका आक्रोशात उघडे पडते. एकाचा द्वेष अन्यायाच्या अनुभवातून आलेला आणि दुसऱ्याचा घसरणीच्या भयातून आलेला, हा फरक चित्रपटाने पुसलेला नाही. बाल्डविन यांचे निदान अचूक आहे, पण ज्या चित्रपटाविरुद्ध ते वापरले जाते, त्याच चित्रपटात त्याचा पुरावा मिळतो.

चित्रपटातले काही दोष मात्र निर्विवाद आहेत. दक्षिणेतल्या तुरुंगांत कैद्यांना वर्णानुसार वेगळे ठेवले जाई, आणि अलाबामाच्या तुरुंगांतली ही पद्धत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली ती १९६८ साली. त्यामुळे गोरा व काळा कैदी एकत्र जखडणे ही तुरुंगाधिकाऱ्याची लहर होती, हे चित्रपटातले स्पष्टीकरण म्हणजे उघड सोय आहे. त्याहून गंभीर बाब अशी, की यादवी युद्धानंतर राज्यांनी कैद्यांना खाणमालक व मळेवाल्यांना भाड्याने देण्याची जी प्रथा चालवली, जिचे बळी बहुसंख्येने कृष्णवर्णीय होते आणि जी अलाबामात १९२८पर्यंत टिकली, तिची सावलीही या साखळीवर पडलेली दिसत नाही. शिवाय सर्वांत थंड डोक्याचे क्रौर्य एका निनावी स्त्रीच्या माथी मारलेले आहे आणि कृष्णवर्णीय स्त्री केवळ कलनच्या बोलण्यात येते. हे दोष मान्य करूनही मूळ दावा ढळत नाही.

तो दावा पटकथेच्या जन्मकथेमुळे अधिकच बळकट होतो. हॅरल्ड जेकब स्मिथ यांच्यासह ही पटकथा लिहिणारे नेड्रिक यंग हे कम्युनिस्टविरोधी चौकशी समितीशी सहकार्य नाकारल्यामुळे हॉलिवूडच्या काळ्या यादीत गेलेले, म्हणजे ज्यांना उघडपणे काम देण्यास निर्माते धजत नसत असे लेखक होते, आणि चित्रपटावर त्यांचे नाव ‘नेथन ई. डग्लस’ असे टोपणनावाने आले. त्याच नावाने पटकथेचे ऑस्करही जाहीर झाले. सहकाऱ्यांची नावे सांगा आणि सुटा, हा सौदा ज्या काळात कलावंतांपुढे ठेवला जात होता, त्या काळात ज्याने तो नाकारला त्या लेखकाने सोबत्याच्या मृत्यूच्या मोलाने मिळणारी सुटका जॅक्सनला नाकारायला लावावी, याला भाबडी सद्भावना म्हणता येत नाही. ती किंमत मोजून घेतलेली भूमिका आहे.

बाल्डविन यांच्या बाणाचे खरे लक्ष्य क्रेमर यांच्याच ‘गेस हूज कमिंग टू डिनर’ (१९६७) या नंतरच्या चित्रपटात आहे. तेथे पॉटिए यांनी साकारलेला निष्कलंक, ख्यातनाम डॉक्टर आपल्या गोऱ्या वाग्दत्त वधूच्या आईवडिलांची संमती नसेल तर विवाह करणार नाही, असे स्वतःहून सांगतो आणि एका कृष्णवर्णीय माणसाचे भवितव्य एका सुखवस्तू गोऱ्या वडिलांच्या निर्णयावर सोडून चित्रपट त्या निर्णयाला टाळ्या मिळवतो. नोआ कलनने अशी परवानगी कोणाकडेही मागितलेली नाही.