हिशेबाचे पैसे आणि कोंबड्यांचे शेड

‘साहेब, पाच हजार पक्ष्यांचे शेड टाकावे म्हणतो. सबसिडी किती बसते?’

कारखान्यातून कमी झालेला माणूस आमच्या कार्यालयात आला की बहुतेक वेळा पहिला प्रश्न हाच असतो. शेड नाही तर दहा गाई, गाई नाही तर ट्रॅक्टर. खात्यावर हिशेबाचे पैसे असतात, पोटात धास्ती असते आणि ‘घरी बसलाय’ असे गावाने म्हणायच्या आत त्याला काहीतरी उभे करायचे असते. आम्हीही फॉर्म काढून देतो. इथेच चूक होते, असे माझे मत आहे.

पुणे जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. आकुर्डीच्या बजाज कारखान्यातले उत्पादन २००७ साली थांबले, तेव्हा अडीच हजारांवर कामगारांचा प्रश्न उभा राहिला. २०१९ च्या मंदीत तर ऑगस्ट महिन्यात देशातली प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा सुमारे ३१ टक्क्यांनी घटली. त्या वेळी चाकण-भोसरीच्या लहान कारखान्यांतून आधी ठेक्यावरची पोरे घरी आली. डिसेंबर २०२० मध्ये तळेगावच्या जनरल मोटर्समध्ये गाड्या बनणे बंद झाले. तो कारखाना घेण्याचा ह्युंदाईचा करार व्हायला ऑगस्ट २०२३ उजाडला. मधल्या काळात घरचे हप्ते काही थांबले नव्हते. आता विजेच्या गाड्या आल्या. त्यांना सायलेन्सर नाही, क्लच नाही, पिस्टन नाही. हेच भाग करणाऱ्या वर्कशॉपांवर आपल्या खेड, मावळ, आंबेगाव, जुन्नरची किती घरे चालतात, हे सरपंच मंडळींना सांगायला नको.

हिशेबाचे पैसे वाटतात तेवढे मोठे नसतात. ग्रॅच्युइटीसाठी धरला जाणारा पगार वीस हजार आणि नोकरी चौदा वर्षे धरली, तर ग्रॅच्युइटी होते सुमारे १ लाख ६१ हजार. त्यात फंड आणि नुकसानभरपाई मिळवा. पोरीचे लग्न किंवा घराचा स्लॅब निघाला की उरते काय? आणि हे झाले कायम कामगाराचे. ठेक्यावरच्या पोराचा ठेकेदार बदलत राहतो, त्यामुळे सलग पाच वर्षे कागदावर दिसतच नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या कामगाराला नवे कौशल्य शिकण्यासाठी पंधरा दिवसांच्या पगाराइतकी रक्कम देण्याची तरतूद आहे. तरतूद चांगली आहे, जरूर मागून घ्यावी. पण पंधरा दिवसांच्या पगारात माणूस नवा धंदा शिकत नाही.

आता माझीच एक गोष्ट सांगतो. २०१९ साली कमी झालेल्या एका गड्याला शेडचा सल्ला मीच दिला होता. करारावरच्या कुक्कुटपालनात पिल्ले, खाद्य, औषध कंपनीचे. शेड, वीज, पाणी आणि राबणूक आपली. बॅच चाळीस-पंचेचाळीस दिवसांची आणि मोबदला किलोमागे. मर जास्त झाली किंवा खाद्य जास्त लागले की कपात. जानेवारी २०२० मध्ये त्याचे शेड उभे राहिले. फेब्रुवारीत कोंबडीमुळे कोरोना होतो अशी अफवा उठली, भाव कोसळले आणि कंपनीने पुढची पिल्ले द्यायचे लांबणीवर टाकले. शेड रिकामे, बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला हजर. अफवेचा दोष माझा नाही, पण दुसरा दोष माझाच. ‘बाबा, बारा वर्षे तिथे तू नेमके काय करत होतास?’ हे मी त्याला एकदाही विचारले नव्हते.

तो मेंटेनन्सचा फिटर होता. हायड्रॉलिक प्रेस दुरुस्त करायचा. आणि त्याच्याच गावातले शेतकरी रोटाव्हेटरचा गिअरबॉक्स पिकअपमध्ये टाकून मंचरला नेत होते, ऐन हंगामात तीन-तीन दिवस वापसा घालवून बसत होते. दूध काढणी यंत्राचा पंप बंद पडला तर बाहेरचा माणूस येईपर्यंत हाताने धारा. कांदा चाळीचे वेल्डिंग, स्टार्टर पेटी, ट्रॅक्टरची गळकी हायड्रॉलिक लिफ्ट, या सगळ्याला गावात माणूस नाही आणि गावातच माणूस कोंबड्यांची वाट बघत बसलेला.

दुसरी अडचण घरात असते आणि ती कोणत्याच फॉर्ममध्ये नसते. सातबारा वडिलांच्या नावावर. एक भाऊ पंधरा वर्षे शेत कसतोय, दुसरा पगारातून पैसे धाडत होता. तो परत आला की पहिल्या महिन्यात भाऊबंद कौतुक करतात, सहाव्या महिन्यात बांधावरून बोलाचाली सुरू. दोघांचेही म्हणणे खरे असते. बोअर माझ्या पैशाचे, असे एक म्हणतो. राबलो मी, असे दुसरा. तीन एकरांत दोन संसार बसत नाहीत, हे दोघांनाही ठाऊक असते. अशा घरात आम्ही नव्या शेडची जागा आखायला गेलो की वादाला खुंटीच मिळते. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली सहमतीने वाटप करून घेता येते. तंटामुक्त समितीने आणि तलाठ्याने हे भांडण पेटायच्या आधी समजावून सांगावे, डोकी फुटल्यावर नव्हे.

चाकणजवळच्या गावांचे दुखणे थोडे वेगळे. तिथे जमिनीचे पैसे खोल्यांत घातलेत. कामगार गेला की खोली रिकामी आणि खानावळही बंद. खोल्यांवर आणखी मजले चढवण्याआधी तिथल्या मंडळींनी याचा विचार करावा.

माझे म्हणणे एवढेच की, परत आलेल्या माणसाने पहिले वर्षभर मोठी रक्कम गुंतवू नये आणि आमच्यासारख्यांनी त्याला तसे भरीस घालू नये. सोसायटीचे किंवा सावकाराचे देणे असेल तर आधी ते फेडावे. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी अशा माणसांची यादी करावी. नाव आणि वय तर हवेच, पण कोणते काम येते हा रकाना पहिला ठेवावा. तालुक्याची आयटीआय आणि नारायणगावचे कृषी विज्ञान केंद्र यांनी मिळून शेती यंत्रांच्या दुरुस्तीचा दोन-तीन महिन्यांचा वर्ग या लोकांसाठी घ्यावा. फिटरला गिअर काय असतो हे शिकवावे लागत नाही, फक्त रोटाव्हेटर दाखवावा लागतो. गावात अवजारे बँक काढायची असेल तर त्यासाठी कृषी पायाभूत सुविधा निधीतून कर्ज मिळते आणि व्याजात ३ टक्के सवलत आहे. अवजारे आणून ती गंजत ठेवण्यापेक्षा चालवणारा आणि दुरुस्त करणारा भागीदार आधी ठरवावा.

त्या गड्याचे शेड अजून आहे. अर्ध्या भागात कोंबड्या आहेत आणि कंपनीने पिल्ले दिली की बॅच निघते. उरलेल्या अर्ध्यात त्याने वेल्डिंग मशीन आणि वाइस बसवला आहे. मागच्या आठवड्यात गेलो तेव्हा दारात चार रोटाव्हेटर होते. त्याला बोलायला सवड नव्हती.