मास्तर घाबरत नाहीत

ऑगमेंटेड रिॲलिटी वर्गात आणायला शिक्षक कां-कूं करतात, की लगेच निकाल लागतो: मास्तर तंत्रज्ञानाला घाबरतात. साफ खोटं. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड वापरायची वाट दाखवली ती परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले यांनी. २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज त्यांनाच मिळालं.

तो कोड साध्या स्मार्टफोनवरही उघडतो. एआरचं तसं नाही. पानावर कॅमेरा धरला की हृदय पडद्यावर उभं राहतं, चहूबाजूंनी बघता येतं. मला ते आवडतंच. पण अँड्रॉइडवरची अशी बरीच ॲप्स गुगलच्या एआरकोअरवर चालतात आणि ते ठरावीक मॉडेललाच मिळतं. (तुमच्या फोनला मिळतं का, बघा.) इथे एकोडीत माझ्या वर्गात फोन कुणाचा? माझा. डेटाही माझाच. तीस पोरं आणि हाताएवढा पडदा! शेवटच्या बाकापर्यंत फोन पोचतो तेव्हा तास संपलेला असतो.

बरं, जीव लावून शिकलो तरी भरवसा काय? गुगलनेच शाळांसाठी एक्स्पिडिशन्स ॲप आणलं आणि जून २०२१ अखेर बंद करून टाकलं. त्यावर पाठ बसवलेल्यांनी काय करायचं?

एका प्रशिक्षणात आम्हाला थ्रीडी बेडूक दाखवला. तोही जुलैत! बाहेर धानाची रोवणी चालू, बांधीत पाय टाकला की बेडूक उड्या मारतात. ज्वालामुखी दाखवा, शनीची कडी दाखवा, भंडारा जिल्ह्यात जे दिसत नाही ते दाखवा. आणि आधी वर्गाला चार-पाच टॅब द्या, मग आमचं मत विचारा.