नुसत्या मूलपेशी पुरत नाहीत

गोड्या पाण्यात प्लॅनेरिया नावाचा जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा चपटा कृमी आढळतो. त्याचे आडवे दोन तुकडे केले, तर शेपटीकडच्या तुकड्याला साधारण दोन आठवड्यांत मेंदू आणि डोळ्यांसह नवे डोके येते. कृमीच्या २७९व्या हिश्श्याएवढ्या तुकड्यातूनही पूर्ण कृमी तयार होऊ शकतो, असे थॉमस हंट मॉर्गन यांनी १८९८ मध्ये नोंदवले होते.

ही किमया मूलपेशींची, म्हणजे स्टेम सेल्सची. किरणांचा मारा करून कृमीच्या सर्व मूलपेशी मारल्या आणि दुसऱ्या कृमीची एकच मूलपेशी त्यात सोडली, तरी त्याचे शरीर सावरू शकते, हे २०११ मध्ये दिसून आले.

मात्र मूलपेशीने डोळा व्हायचे की आतडे, हे जनुकांचे नियमन करणारी प्रथिने ठरवतात. ती काही जनुके चालू करतात, काही बंद ठेवतात. ‘ओव्हो’ हे प्रथिन बनू दिले नाही, तर नवे डोके येते, पण त्याला डोळे नसतात. ‘बीटा-कॅटेनिन’ रोखले, तर कापलेल्या शेपटीच्या जागीही डोकेच उगवते. काही जातींच्या कृमींमध्ये शेपटीकडच्या तुकड्याला डोके येतच नाही. २०१३ मध्ये संशोधकांनी त्यांच्यातले बीटा-कॅटेनिन दाबले आणि डोके आले. मूलपेशी तिथे आधीपासून होत्या. त्यांना मिळणारा आदेश वेगळा होता.

‘स्टेम सेल’च्या जाहिराती वाचताना हे ध्यानात ठेवायला हवे. स्वमग्नता, मज्जारज्जूची इजा, गुडघेदुखी, मधुमेह अशा सगळ्यांवर एकच इंजेक्शन सुचवले जाते. शरीरात सोडलेल्या पेशींना तिथे नेमके काय व्हायचे हे कोण सांगणार, या प्रश्नाचे उत्तर जाहिरातीत नसते. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रक्ताच्या आजारांसाठीचे रक्तनिर्मिती करणाऱ्या मूलपेशींचे प्रत्यारोपण हाच मान्य उपचार आहे. बाकीचे प्रयोग परवानगी घेतलेल्या वैद्यकीय चाचणीतच व्हायला हवेत. आणि चाचणीत सहभागी होणाऱ्या रुग्णाकडून त्यासाठी पैसे घेता येत नाहीत.

तेव्हा दागिने मोडण्याआधी, जमीन गहाण टाकण्याआधी नातेवाइकांनी एवढेच विचारावे: हा मान्य उपचार आहे की चाचणी? चाचणी असेल, तर तिचा नोंदणी क्रमांक काय आणि पैसे कशाचे? सरळ उत्तर मिळाले नाही, तर तिथून उठावे.